सीमधला प्रायव्हेट डेटा: आधी बघा, साइझ कुणाला ठाऊक आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे. सीमध्ये ऑब्जेक्ट ओरिएंटेड पद्धतीने एक लायब्ररी लिहिली आहे. 'चॅनेल' हा बेस, त्यावरून 'सीरियल चॅनेल', 'टीसीपी चॅनेल' वगैरे. बेसच्या स्ट्रक्टमधल्या (म्हणजे एकत्र बांधलेल्या फील्डच्या गठ्ठ्यातल्या) काही फील्डना वापरणाऱ्याने हात लावू नये अशी इच्छा आहे, पण सध्या त्यासाठी फक्त 'इथून खाली प्रायव्हेट' अशी एक कॉमेंट आहे. पुढे दोन वाटा दिसताहेत: स्ट्रक्ट पूर्ण लपवून बाहेर नुसता पॉइंटर द्यायचा, किंवा स्ट्रक्ट उघडं ठेवून त्यात 'प्रिव्ह' नावाचा एक व्हॉइड पॉइंटर, म्हणजे कोणत्या टाइपकडे बोट दाखवतो ते न सांगणारा पॉइंटर, ठेवायचा. यातलं योग्य कोणतं, आणि डिराइव्ह्ड टाइपना आतलं दिसावंच लागतं, त्याचं काय करायचं? शिवाय लायब्ररी आधीच लोकांच्या हातात आहे, तिचं काय?

दोन्ही वाटा आपापल्या जागी बरोबर आहेत. पण 'कुणापासून लपवायचं' या बाजूने शिरलात तर उत्तर हाती लागणार नाही, कारण सीमध्ये खरं लपवणं नसतंच. ज्याच्या हातात पॉइंटर आहे त्याच्या हातात आतले सगळे बाइट आहेत. मेमकॉपीला कोणी अडवत नाही आणि डीबगरला तर सगळंच उघडं असतं. मी स्वतः हा निर्णय दुसऱ्याच एका प्रश्नावरून घेतो: या स्ट्रक्टची साइझ आणि आतली मांडणी कोणाच्या बायनरीत, म्हणजे कंपाइल होऊन तयार झालेल्या फाइलीत, कोरली जाणार आहे? फक्त माझ्या, की वापरणाऱ्याच्याही?

हे मी एका बगपायी शिकलो. एका उपकरणाशी बोलणारी लायब्ररी होती, शेअर्ड लायब्ररी म्हणून, म्हणजे अॅप्लिकेशनला हात न लावता वेगळी बदलता येईल अशी दिलेली. तिचं मुख्य स्ट्रक्ट हेडरमध्ये उघडं होतं, साइझ ९६ बाइट. वापरणारे ते लोकल व्हेरिएबल म्हणून स्टॅकवर घ्यायचे आणि आमचं इनिट फंक्शन बोलवायचे. इनिटची पहिली ओळ म्हणजे मेमसेट, साइझऑफ स्ट्रक्ट इतके बाइट शून्य. पुढच्या आवृत्तीत मी टाइमआउटसाठी आठ बाइटचं एक फील्ड शेवटी जोडलं. 'शेवटी जोडलंय, मधे नाही, म्हणजे काही मोडणार नाही' असा माझा हिशोब. नवी लायब्ररी मशीनवर चढली, अॅप्लिकेशन मात्र जुनंच राहिलं.

अॅप्लिकेशनमध्ये एका फॉर लूपमध्ये एकेका उपकरणासाठी इनिट, वाचन, क्लोज असा क्रम होता. ते आता पहिल्याच उपकरणापाशी अडकून बसलं. क्रॅश नाही, एरर नाही, तेच उपकरण पुन्हा पुन्हा वाचत राहायचं. प्रिंटएफ टाकला की बग गायब. दोन दिवस आम्ही उपकरणाच्या फर्मवेअरला शिव्या घातल्या. शेवटी लूपच्या काउंटरवर जीडीबी या डीबगरमध्ये वॉचपॉइंट लावला, म्हणजे ती जागा बदलली की प्रोग्राम थांबवणारा पहारा, आणि तो थांबला आमच्या इनिटमधल्या मेमसेटमध्ये. अॅप्लिकेशनने स्टॅकवर ९६ बाइटच राखले होते आणि नवी लायब्ररी १०४ पुसत होती. पलीकडच्या आठ बाइटांत काउंटर राहत होता, त्यामुळे दर फेरीला तो शून्य व्हायचा. प्रिंटएफ टाकला की कंपाइलर स्टॅकवरची मांडणी बदलायचा आणि मार दुसऱ्या कुठल्यातरी निरुपद्रवी जागी बसायचा.

लक्षात घ्या, इथे कोणीही माझ्या प्रायव्हेट फील्डला हात लावला नव्हता. कॉमेंटचा मान सगळ्यांनी ठेवला होता. तरीही मोडलं, कारण साइझ हीच पब्लिक गोष्ट होती आणि ते माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

तेव्हा पहिली वाट, अपारदर्शक पॉइंटर. पब्लिक हेडरमध्ये 'टाइपडेफ स्ट्रक्ट चॅनेल चॅनेल' एवढी एकच ओळ, आणि महिरपी कंसातली खरी व्याख्या तुमच्या सी फाइलमध्ये. बाहेरच्या कंपाइलरच्या लेखी हा अपूर्ण टाइप असतो. त्याचा पॉइंटर घेता येतो, फिरवता येतो, फंक्शनला देता येतो. पण साइझऑफ काढता येत नाही, व्हेरिएबल घोषित करता येत नाही, बाणाच्या खुणेने आत शिरता येत नाही. बनवणं आणि मोडणं दोन्ही तुमच्या हातात, म्हणजे 'चॅनेल न्यू' आणि 'चॅनेल फ्री'. एसक्यूलाइटचं डेटाबेस हँडल आणि स्टेटमेंट असंच आहे, पॉसिक्समधला डिरेक्टरी वाचायचा 'डीआयआर' असाच आहे, लुआची 'लुआ स्टेट'ही अशीच.

सीच्या स्टँडर्ड लायब्ररीतल्या 'फाइल' या टाइपचं उदाहरण सगळे देतात, पण ते पूर्ण खरं नाही. स्टँडर्डनुसार 'फाइल' हा ऑब्जेक्ट टाइप आहे, आणि जुन्या काळी 'गेटसी' हा मॅक्रो थेट त्याच्या आतल्या काउंटरला आणि बफरच्या पॉइंटरला हात घालायचा, वेगासाठी. मग मॅक्रोला दिसतं ते इतरांनाही दिसतं. जीएनयूच्या पोर्टेबिलिटी कोडमध्ये बफरमध्ये किती बाइट शिल्लक आहेत हे काढणारी एक सोर्स फाइल होती, ती प्रत्येक सी लायब्ररीच्या 'फाइल'मध्ये डोकावून उत्तर काढायची. २०१८ मध्ये ग्लिबसी (लिनक्सवरची नेहमीची सी लायब्ररी) २.२८ ने आपले काही आतले मॅक्रो हेडरमधून काढले आणि एम४ सारख्या जुन्या प्रोग्रामांचं कंपाइल होणंच बंद पडलं. 'ही फाइल तुमच्या प्लॅटफॉर्मवर पोर्ट करा' असा एरर यायचा. तो एरर त्या कोडच्या लेखकांनीच लिहून ठेवला होता, हे त्यातल्या त्यात बरं. पण आतलं दिसलं की कोणीतरी त्यावर घर बांधतो, आणि तो माणूस नेहमी नवशिका नसतो.

अपारदर्शक पॉइंटरची किंमत तीन ठिकाणी मोजावी लागते. प्रत्येक ऑब्जेक्टला एक मॅलॉक (रनटाइमला मेमरी मागणं), प्रत्येक वाचनाला एक फंक्शन कॉल, आणि स्टॅकवर किंवा दुसऱ्या स्ट्रक्टच्या पोटात ठेवायची सोय नाही. पहिल्या दोनबद्दल लोक फार घाबरतात. चॅनेल, कनेक्शन, पार्सर असल्या जड वस्तू प्रोग्रामच्या आयुष्यात मोजक्या वेळा बनतात. तिथे मॅलॉक प्रोफाइलरमध्ये दिसतही नाही. बिंदू, रंग, तारीख असल्या लहान मूल्यांसाठी मात्र हे अजिबात करू नका. दोन डबलच्या स्ट्रक्टला लपवून त्यावर गेटर चढवणं म्हणजे उगाच सोवळं. त्यांची मांडणी हाच त्यांचा इंटरफेस आहे, ती उघडीच ठेवा आणि कधी बदलू नका.

एक चूक मात्र आवर्जून टाळा: अपारदर्शक करायचं म्हणून टाइपडेफ व्हॉइडला करू नका. लिबकर्ल या नेटवर्कच्या लायब्ररीच्या हेडरमध्ये 'कर्ल' हा टाइप वर्षानुवर्षं साध्या वापरात व्हॉइड म्हणून येत राहिला. व्हॉइड पॉइंटर कशालाही गपगुमान जुळतो. तुम्ही चॅनेलच्या जागी स्ट्रिंगचा पत्ता दिलात तरी कंपाइलर हूं की चूं करत नाही. लिबकर्ल म्हणूनच हँडलच्या आत एक जादुई आकडा ठेवतं आणि फंक्शनमध्ये शिरताना तो तपासतं. विंडोजनेही हे भोगलंय. तिथे 'स्ट्रिक्ट' नावाचा मॅक्रो डिफाइन केला की प्रत्येक हँडल वेगळ्या खोट्या स्ट्रक्टचा पॉइंटर होतो, तो याचसाठी. नाव असलेलं अपूर्ण स्ट्रक्ट वापरलंत की ही तपासणी फुकट मिळते. तुमच्या 'प्रिव्ह' व्हॉइड पॉइंटरलाही हेच लागू: तो 'स्ट्रक्ट चॅनेल प्रायव्हेट'चा पॉइंटर करा, व्याख्या आत ठेवा. कास्ट कुठेच करावा लागणार नाही.

आता ती दुसरी वाट, अर्धं उघडं अर्धं बंद. झेडलिब ही डेटा कॉम्प्रेस करायची लायब्ररी हा तिचा उत्तम नमुना. त्याच्या स्ट्रीमच्या स्ट्रक्टमध्ये इनपुट कुठे आहे, किती बाइट उरले, आउटपुटला जागा किती, ही फील्ड उघडी आहेत, कारण वापरणाऱ्याने ती दर फेरीला भरायचीच असतात. आणि मधे एक पॉइंटर आहे, आतल्या स्टेटचा, ज्याच्यापुढे कॉमेंट आहे की हे अॅप्लिकेशनला दिसत नाही. रोजचा व्यवहार उघड्यावर, गुंतागुंत पॉइंटरच्या पलीकडे.

पण झेडलिबच्या लेखकांनी साइझचा प्रश्न विसरला नाही, हे मला जास्त आवडतं. 'डिफ्लेटइनिट' तुम्ही फंक्शन समजून बोलवता, पण तो मॅक्रो आहे. तो तुमच्या नकळत खऱ्या फंक्शनला आणखी दोन गोष्टी देतो: हेडरची आवृत्ती आणि तुमच्या कंपाइलरला दिसलेली स्ट्रक्टची साइझ. लायब्ररी ती आपल्या साइझशी ताडून पाहते. जुळली नाही तर आवृत्तीचा एरर देऊन परत फिरते, एका बाइटलाही न शिवता. माझ्या त्या ९६ आणि १०४ च्या भानगडीत एवढा एक मॅक्रो असता तर दोन दिवसांऐवजी दोन मिनिटं लागली असती. ज्या कोणाला काही कारणाने स्ट्रक्ट उघडं ठेवावंच लागतं, त्याने हे उचलावं.

स्टॅकवर हवंच असेल, म्हणजे मॅलॉक चालणारच नाही अशा एम्बेडेड जागी, तर लोक पीथ्रेड या थ्रेडच्या लायब्ररीतल्या म्यूटेक्सकडे, म्हणजे कुलपाकडे, बोट दाखवतात. ६४ बिट इंटेलवर ग्लिबसीमध्ये तो ४० बाइटचा युनियन आहे: एका बाजूला खरी फील्ड, दुसऱ्या बाजूला नुसता कॅरेक्टरचा अॅरे, साइझ कायमची बांधून टाकायला. हे करता येतं, पण मोठ्या बंधनात. म्यूटेक्सला स्टॅटिक इनिशियलायझर मॅक्रो आहे, आणि तो मॅक्रो तुमच्या प्रोग्राममध्ये कंपाइल होतो. म्हणजे नुसती साइझच नाही, तर कोणत्या बाइटला सुरुवातीला काय असणार हेसुद्धा जगभरच्या बायनरींमध्ये छापलं गेलंय. तेव्हा एक हिशोब पक्का ठेवा: स्टॅटिक इनिशियलायझर दिलात की मांडणी पब्लिक झाली.

शिवाय 'हेडरमध्ये कॅरेक्टरचा अॅरे, आणि आत कास्ट करून खरं स्ट्रक्ट' ही युक्ती जितकी सोपी दिसते तितकी नाही. अलाइनमेंट, म्हणजे टाइपला चालेल अशाच पत्त्यावर तो बसवणं, सांभाळावी लागते. सी११ पासून त्यासाठी अलाइनअॅज आहे, आणि साइझ पुरते की नाही यासाठी स्टॅटिक असर्ट, तो तर लावाच. पण कॅरेक्टरचा अॅरे म्हणून घोषित केलेल्या मेमरीला दुसऱ्याच टाइपने वाचणं हे अॅलायसिंगच्या (एक मेमरी कोणकोणत्या टाइपने बघता येते त्याच्या) नियमांत बसत नाही, आणि लिंक टाइम ऑप्टिमायझेशन चालू केलं की कंपाइलरला दोन्ही बाजू एकदम दिसतात. आजवर चाललं म्हणून उद्या चालेलच असं नाही.

त्यापेक्षा ओपस या ऑडिओ कोडेकची रीत घ्या. तिथे तीन फंक्शनं आहेत: एक नेहमीचं, जे मेमरी घेऊन ऑब्जेक्ट बनवून देतं, एक, जे साइझ किती लागेल एवढंच सांगतं, आणि एक, जे तुम्ही दिलेल्या मेमरीत ऑब्जेक्ट उभा करतं. मेमरी कुठून आणायची ते वापरणारा ठरवतो, पण साइझ तो रनटाइमला विचारतो, त्याच्या बायनरीत ती कोरली जात नाही. तुमच्या चॅनेललाही 'साइझ सांग' आणि 'या जागेत बनव' अशी दोन फंक्शनं जोडा. दिलेली जागा नीट अलाइन केलेली हवी, हे डॉक्युमेंटेशनमध्ये ठळक लिहा, आणि आत शिरल्यावर तपासाही.

आता मूळ गाठ, वारसा. इथे आधी विचारा की डिराइव्ह्ड टाइप लिहिणार कोण. सगळे तुमच्याच लायब्ररीत असतील, म्हणजे सीरियल आणि टीसीपी तुम्हीच लिहिणार आणि एकत्रच कंपाइल होणार, तर प्रश्न उरतच नाही. दोन हेडर करा. पब्लिक हेडरमध्ये अपूर्ण टाइप आणि फंक्शनं. 'इंटर्नल' हेडरमध्ये बेसचं पूर्ण स्ट्रक्ट. हा दुसरा हेडर इन्स्टॉल करायचा नाही, पॅकेजमध्ये जाऊ द्यायचा नाही. सी प्लस प्लसमधलं 'प्रोटेक्टेड' ते हेच, फक्त इथे पहारा कंपाइलर करत नाही, मेकफाइल करते.

डिराइव्ह्ड स्ट्रक्टमध्ये बेस पहिला मेंबर म्हणून, आख्खा, पॉइंटर नव्हे. स्ट्रक्टचा पत्ता आणि त्याच्या पहिल्या मेंबरचा पत्ता एकच, याची हमी स्टँडर्ड देतं. पण बेसकडे जाताना कास्ट करू नका. 'सीरियल'मधल्या 'बेस' मेंबरचा अँपरसँडने पत्ता घ्या. उद्या कोणी स्ट्रक्टच्या डोक्यावर नवं फील्ड घुसवलं तरी तो कोड बरोबरच राहतो. उलट दिशेने, बेसकडून डिराइव्ह्डकडे येताना, एकच छोटं स्टॅटिक इनलाइन फंक्शन लिहा आणि सगळी उलटी कास्टिंग त्यातच कोंडा. लिनक्स कर्नलमध्ये यासाठी 'कंटेनर ऑफ' आहे, ऑफसेटऑफ वजा करून बाहेरच्या स्ट्रक्टपर्यंत पोचणारा. त्याचा फायदा असा की बेस पहिला असायची सक्ती राहत नाही. डीबग बिल्डमध्ये त्याच फंक्शनमध्ये व्हीटेबलचा (त्या टाइपच्या फंक्शन पॉइंटरांच्या टेबलचा) पत्ता तपासा, चुकीच्या टाइपचा चॅनेल आला तर तिथेच पकडला जातो.

बाहेरच्या लोकांनी डिराइव्ह करायचं असेल तर मात्र गणित फिरतं. त्यांच्या स्ट्रक्टच्या पोटात तुमचा बेस बसणार, म्हणजे बेसची साइझ त्यांच्या बायनरीत जाणार. बेस आठ बाइटनी वाढला की त्यांची सगळी फील्ड आठ बाइट पुढे सरकायला हवीत, आणि ती रीकंपाइल केल्याशिवाय सरकत नाहीत. हे दुखणं जीटीके (खिडक्या-बटणांची सी लायब्ररी) आणि तिच्याखालची ऑब्जेक्ट सिस्टीम जीऑब्जेक्ट यांच्या लोकांनी सगळ्यात जास्त सोसलंय. त्यांचा पहिला उपाय म्हणजे भविष्यासाठी राखीव जागा: स्ट्रक्टच्या शेवटी चार रिकामे पॉइंटर, क्लासच्या व्हीटेबलमध्ये 'रिझर्व्ह्ड १', 'रिझर्व्ह्ड २' अशी रिकामी फंक्शनं. ती संपेपर्यंत बरं चालतं. दुसरा उपाय, उघड्या स्ट्रक्टमध्ये एक 'प्रिव्ह' पॉइंटर. हीच तुमची दुसरी वाट.

पुढे त्यांनी जे केलं ते फार सुंदर आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. ऑब्जेक्टचा पॉइंटर मेमरीत एका ठिकाणी आहे असं समजा. त्याच्या उजवीकडे उघडी स्ट्रक्ट: आधी आजोबा, मग वडील, मग मुलगा, प्रत्येकाची साइझ गोठलेली. उजवीकडे कोणी वाढू शकत नाही, कारण पुढचा चिकटून बसलाय. म्हणून प्रायव्हेट डेटा डावीकडे ठेवला, पॉइंटरच्या आधीच्या पत्त्यांवर. जीऑब्जेक्ट ज्यात येतं त्या जीलिबच्या २.३८ पासून, म्हणजे २०१३ पासून, प्रत्येक क्लासचा प्रायव्हेट भाग पॉइंटरपासून ऋण ऑफसेटवर बसतो. कोणाला किती जागा हवी हे टाइप रजिस्टर होताना, रनटाइमला ठरतं. मेमरी एकदाच घेतली जाते, हातात दिला जातो तो मधला पत्ता. आजोबांचा प्रायव्हेट भाग वाढला तर ऑब्जेक्टचा आरंभ आणखी डावीकडे सरकतो, उजवीकडच्यांना पत्ताही लागत नाही. आधी प्रायव्हेट भाग शोधायला टाइपच्या माहितीतून फेरी मारावी लागायची, आता एक बेरीज.

तुम्ही हे स्वतः बांधावं का? माझं मत, नाही. एका लायब्ररीसाठी टाइप सिस्टीम बांधायला घेणं म्हणजे मूळ काम बाजूला राहिलंच म्हणून समजा. हे हवंच असेल तर जीऑब्जेक्ट सरळ वापरा.

बाहेरच्यांना वारसा देण्याऐवजी मी त्यांना फंक्शनांचं टेबल भरायला देतो. चॅनेल माझाच, अपारदर्शकच. बाहेरचा लेखक 'उघड, वाच, लिही, बंद कर' अशा चार फंक्शन पॉइंटरचं एक स्ट्रक्ट भरतो आणि 'माझा डेटा एवढ्या बाइटचा' असं सांगतो. मी चॅनेल बनवताना त्याची जागा त्याच मॅलॉकमध्ये, माझ्या स्ट्रक्टच्या मागे, अलाइन करून काढतो आणि तिचा पत्ता त्याला प्रत्येक कॉलमध्ये देतो. लिनक्समध्ये नेटवर्क ड्रायव्हर असेच लिहिले जातात: डिव्हाइस मागताना ड्रायव्हर आपल्या प्रायव्हेट भागाची साइझ सांगतो, आणि 'नेटडेव्ह प्रिव्ह' त्याला तो भाग काढून देतो. दोघांनाही एकमेकांची साइझ आधी माहीत असावी लागत नाही. त्या फंक्शनांच्या टेबलचं पहिलं फील्ड मात्र त्या टेबलचीच साइझ असू द्या, विंडोजच्या कितीतरी स्ट्रक्टमध्ये 'सीबीसाइझ' असतं तसं. पुढे पाचवं फंक्शन जोडाल तेव्हा जुना कोड कोणता आणि नवा कोणता ते ओळखता येतं.

कर्नलचा विषय निघालाच आहे तर, तिथे ते नेट डिव्हाइसचं भलंमोठं स्ट्रक्ट उघडंच आहे, कोणीही आत बघावं. हे चालतं, कारण कर्नल आपल्या ड्रायव्हरना बायनरी सुसंगतीचं वचन देतच नाही. कर्नल बदलला की ड्रायव्हर पुन्हा कंपाइल. तुमचीही लायब्ररी एकाच रेपॉझिटरीत राहून एकाच फर्मवेअरमध्ये स्टॅटिकली लिंक होत असेल, तर खरं सांगतो, ती कॉमेंट आणि नावाच्या शेवटी एक अंडरस्कोर एवढंही पुरे आहे.

स्ट्रक्ट लपवलं म्हणजे झालं, असं नाही. एका फाइलपुरती फंक्शनं स्टॅटिक करा, हे सगळे करतात. पण लायब्ररीच्या दोन फाइलींमध्ये लागणारी फंक्शनं स्टॅटिक करता येत नाहीत आणि ती शेअर्ड लायब्ररीतून आपोआप बाहेर दिसतात. जीसीसी या कंपाइलरच्या ४.० पासून, २००५ पासून, 'व्हिजिबिलिटी हिडन' हा पर्याय आहे: सगळं बंद ठेवा आणि पब्लिक फंक्शनांवरच खूण करा. विंडोजवर हा नियम आधीपासूनच आहे, एक्सपोर्ट म्हटल्याशिवाय काही बाहेर जात नाही. लायब्ररीतून बाहेर दिसणारी नावं दाखवणारी 'एनएम मायनस डी' ही कमांड एकदा चालवून बघा. बहुतेकांना आपल्या लायब्ररीतून काय काय बाहेर पडतंय ते बघून धक्का बसतो. स्टॅटिक लायब्ररीत मात्र हिडनचा उपयोग नाही, तिथे नावांना आपला प्रिफिक्स लावणं एवढंच हातात.

आणि गेटर. फील्ड लपवली आणि प्रत्येकाला गेटर-सेटर दिला, तर तुम्ही पुढच्या दाराला कुलूप लावून मागचं सताड उघडं ठेवलंत. वापरणाऱ्याला काय *करायचंय* ते विचारा आणि तेवढंच फंक्शन द्या. आतला पॉइंटर परत देणारा गेटर तर सगळ्यात धोक्याचा. त्याची मुदत लिहिलेलीच हवी. एसक्यूलाइट कॉलमचा मजकूर म्हणून आतलाच पॉइंटर देतं आणि तो पुढच्या स्टेपपर्यंतच धरा असं बजावतं. ओपनएसएसएल या क्रिप्टोग्राफीच्या लायब्ररीने हे नावातच बसवलंय: 'गेट०' असेल तर पॉइंटर त्यांचा, तुम्ही फ्री करायचा नाही, 'गेट१' असेल तर तुमच्या वाट्याची एक रेफरन्स वाढवून दिली आहे, सोडायची जबाबदारी तुमची. दिसायला ओबडधोबड, पण तीन वर्षांनी कोड वाचणारा दुवा देतो.

ओपनएसएसएलवरूनच तुमच्या शेवटच्या अडचणीकडे येतो: लायब्ररी आधीच लोकांच्या हातात आहे आणि स्ट्रक्ट उघडं आहे. त्यांनी २०१६ मध्ये १.१.० या आवृत्तीत बहुतेक स्ट्रक्ट एकदम बंद केली. ज्यांनी डायजेस्टचा (हॅश काढायचा) कॉन्टेक्स्ट स्टॅकवर घेतला होता, ज्यांनी आरएसएच्या किल्लीतली फील्ड थेट वाचली होती, त्या सगळ्यांचं कंपाइल तुटलं. निर्णय बरोबर होता, पण वाट खडतर. जीटीकेने २००८ मध्ये, २.१४ मध्ये, जरा सौम्य वाट काढली होती, ती तुम्हीही घ्या. प्रत्येक प्रायव्हेट फील्डचं नाव एका मॅक्रोत गुंडाळा. साध्या बिल्डमध्ये मॅक्रो नाव तसंच ठेवतो. वापरणाऱ्याने एक विशिष्ट मॅक्रो डिफाइन केला की नावापुढे 'सील्ड' असा उपसर्ग लागतो आणि थेट हात घातलेली प्रत्येक ओळ कंपाइलर दाखवतो. मांडणी बदलत नाही, साइझ बदलत नाही, बदलतं ते फक्त नाव. हे महत्त्वाचं आहे, कारण काही जण इफडेफ लावून वापरणाऱ्याला एक स्ट्रक्ट आणि लायब्ररीला दुसरं दाखवतात. ते करू नका; एकाच ऑब्जेक्टबद्दल दोन फाइलींची दोन मतं झाली की माझ्या ९६ आणि १०४ च्या गोष्टीत तुम्हीही सामील.

तेव्हा आधी लागणारी फंक्शनं द्या, एका आवृत्तीत हा मॅक्रो द्या, लोकांना कोड बदलायला अवधी द्या, आणि मग पुढच्या मोठ्या आवृत्तीत व्याख्या इंटर्नल हेडरमध्ये हलवून एसओनेमचा, म्हणजे शेअर्ड लायब्ररीच्या नावातला सुसंगतीचा, आकडा वाढवा. टेस्टमध्ये आतलं बघायचं असेल तर इंटर्नल हेडर घ्या, त्यासाठी पब्लिक हेडरमध्ये फट ठेवू नका. आणि टेस्टच्या फोल्डरमध्ये एक चार ओळींची फाइल टाका, जी फक्त पब्लिक हेडर घेते आणि चॅनेलचा साइझऑफ काढते. ती कंपाइल झाली, तर बिल्ड फेल.